एकाच कानाचा नियम

पहाटघंटी झुडपात गात होती, आणि तिच्यापासून चार हातांवर बसलेल्या कुझुहारा सरांनी वहीत लिहिलं, ‘चोवीस ऑगस्ट. नाही.’

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या सहायक चिहारू इबुकाने मान खाली घातली आणि थर्मासमधला जवाचा गार चहा पेल्यात ओतून सरांपुढे धरला. दुसरं काय करणार? आठ वर्षं ती हेच करत आली होती.

पहाटघंटी म्हणजे भाताच्या शिताएवढा किडा, रातकिड्यांच्या कुळातला. बाकीचे भाऊबंद रात्र गाजवून दमले, की हिचं सुरू होतं. आवाज इतका बारीक आणि इतक्या वरच्या पट्टीतला, की एकच घुंगरू कुणीतरी लांब बसून न थांबता हलवतंय असं वाटावं. क्योतोतल्या जुन्या माणसांनीच तिला हे नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांना पहाटे उठायची सवय होती हे उघड आहे. आता ती कुणाला राहिलेली नाही.

कुझुहारा सरांना मात्र होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, संशोधक विद्यार्थी असताना, ते पहिल्यांदा या मठाच्या मागच्या आवारात आले. ऑगस्ट लागला की रोज पहाटे पाच ते साडेपाच, त्याच बसक्या दगडावर, कमरेला डासांच्या कॉइलचा डबा अडकवून. पहाटघंटी त्या वर्षी पहिल्यांदा कधी बोलली ती तारीख टिपायची, आणि एका जाड काळ्या रातकिड्याचीही टिपायची. बस, एवढंच. लग्नाच्या वर्षीसुद्धा त्यांनी खंड पडू दिला नव्हता, आणि त्यावरून बायको सेत्सुको त्यांना अजून टोमणे मारते.

हे सगळं कशासाठी, तर याच मठात अडीचशे वर्षांपूर्वी र्योएन नावाचे भिक्षू राहत होते आणि त्यांनी अडतीस वर्षं रोजनिशी लिहिली होती. कोणता किडा कधी बोलला हे ते निगुतीने लिहून ठेवत. ती रोजनिशी आणि सरांची वही एकमेकींशेजारी ठेवली, की हवा किती बदलली ते दिसणार होतं. म्हणून सरांचा नियम एकच आणि कडक होता. ऐकायचं ते सरांनीच. आज याने ऐकलं, उद्या तिने, असं झालं तर तारखांना काय अर्थ राहिला? यंत्र लावू या, असं कुणी म्हटलं की सर विचारत, “र्योएनकडे होतं का यंत्र?” आणि विषय संपे. एक दगड, एक वेळ, एक कान. विद्यापीठातल्या त्यांच्या विभागात त्याला एकाच कानाचा नियम म्हणत आणि नव्या विद्यार्थ्यांना तो आधी शिकवत, किडे मागाहून.

नियम चांगलाच होता. फक्त कान माणसाचा होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एवढी शिकलेली माणसं, पण आलं नाही खरं.

“गेल्या वर्षी निदान चौदा सप्टेंबरला एकदा आली होती,” सर वही मिटत म्हणाले. “तेसुद्धा मी प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय. या वर्षी मला आशा नाही, इबुका.”

“अजून ऑगस्टच आहे, सर.”

“माझी समजूत काढू नकोस. व्याख्यानाचं नाव ठरवलंय मी. ‘पहाटघंटीचा निरोप’. कसं वाटतं?”

झुडपातली थांबली, दम घेतला आणि पुन्हा सुरू झाली. चिहारूने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

“छान आहे, सर,” ती म्हणाली.

मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते. आमच्याकडे जपानात निवृत्त होणारा प्राध्यापक शेवटचं व्याख्यान देतो; जुने विद्यार्थी गावोगावहून येतात, फुलं देतात, पहिल्या रांगेतले डोळे पुसतात. त्याच दिवशी सरांनी आणि साहित्य विभागातल्या मिझोगुची बाईंनी मिळून लिहिलेलं पुस्तकही निघायचं होतं. सरांचं म्हणणं असं, की काळा रातकिडा मातीत अंडी घालतो म्हणून तो टिकला. पहाटघंटी कोवळ्या डहाळीत घालते, उन्हाळे कडक झाले आणि ती वर्षावर्षाला उशिरा बोलू लागली, आता गप्पच होणार. पुरावा म्हणून र्योएनच्याही रोजनिशीतली शेवटची वर्षं होती. तिथेही काळा किडा वेळेवर आणि पहाटघंटी मात्र उशिरा उशिरा जाताना दिसत होती. त्या काळातही काही वर्षं उन्हाळा कडक असणार, असं सरांनी लिहून टाकलं होतं. दोन्ही बाजूंनी बांधकाम पक्कं झालं होतं, आणि पाया सगळा पोकळ.

चिहारूच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात एक साधी निळी वही होती. तिच्यात आठ वर्षांच्या खऱ्या तारखा होत्या. या वर्षीची होती नऊ ऑगस्ट.

त्या दिवशी तिने ती वही पिशवीत घातली आणि दोन इमारती ओलांडून साहित्य विभागात गेली.

मिझोगुची बाई जुन्या हस्तलिखितांच्या प्राध्यापक. कुझुहारा सरांच्या बरोबरीच्या, विद्यार्थीदशेपासून त्यांच्याशी भांडत आलेल्या. त्यांच्या खोलीत शिरायचं म्हणजे अंग चोरून शिरावं लागे.

“ये. त्या ढिगावर बसू नकोस, ते अठरावं शतक आहे. इकडे बस.”

चिहारूने वही पुढे केली. “पहाटघंटीच्या तारखा आहेत, बाई. खऱ्या.”

बाईंनी चष्मा काढला. “खऱ्या म्हणजे? मग कुझुहाराच्या काय खोट्या?”

“सरांना ती ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं. आपलं बोलणं, कावळे, तो काळा किडा. वरच्या पट्टीतलं तेवढं गेलंय. आठ वर्षं झाली.”

“आणि आठ वर्षं तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?”

“पहिल्या वर्षी वाटलं, माझीच गफलत. मी नवी होते. पुढल्या वर्षी म्हटलं, नियम आहे, ऐकणारे सर, आपण चहा ओतावा. खात्री झाली तोवर दोन वर्षांचे आकडे छापून झाले होते. मग कुठल्या तोंडाने सांगू?”

“बरोबर पोरं येतात ना दरवर्षी? ती काय बहिरी आहेत?”

“ती ऐकतात. मग एकमेकांकडे बघतात. मग माझ्याकडे बघतात.”

“आणि तू?”

“मी चहा ओतते.”

बाईंना हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी वहीची पानं उलटली. “तुला काय बोलू? दोन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे जेवायला गेले होते. भाताचं विजेचं भांडं शिजून पीं पीं ओरडतंय, हा त्याच्या शेजारी बसलाय, ढिम्म. मला कळलं. मी कानाडोळा केला. शहाण्यासुरत्या बायका आपण!”

“मला पुस्तकाची भीती वाटते, बाई, नाही असं नाही. सगळं छापून आलं आणि नंतर कुणी यंत्र लावून बघितलं, तर सरांचं हसं होईल. एक्केचाळीस वर्षं पाण्यात जातील. पण ते तरी एक वेळ…” तिने पिशवी मांडीवर ओढली. “सर समजतात ती मेली. रोज पहाटे सुतकात बसल्यासारखे बसतात. मी त्यांना जाऊन काय सांगू? ती आहे, रोज गाते, आता तुम्हालाच ती कधी ऐकू येणार नाही, असं? त्यातलं कुठलं दुःख हलकं ते मला ठरवता येत नाही.”

बाई आठही तारखा वाचत होत्या. मग एकदम उठल्या आणि मागच्या कपाटातून कापडात गुंडाळलेली एक पातळ पोथी घेऊन आल्या.

“र्योएनच्या रोजनिशीचा शेवटचा खंड. बघ. या तारखांच्या कडेला शेंदरी ठिपके दिसतात?”

दिसत होते. मोहरीएवढे, एखाद्या एखाद्या दिवसाच्या ओळीशेजारी एकेक.

“पाठ म्हणताना श्वास कुठे घ्यायचा यासाठी भिक्षू असे ठिपके देतात. मी तसंच धरून चालले होते. आता तू मोज. त्याने पहाटघंटी ऐकली असं लिहिलंय ती तारीख, आणि ठिपक्याची तारीख.”

चिहारूने मोजलं. पहिल्या वर्षी ठिपका चार दिवस आधी होता. मग नऊ. मग पंधरा. शेवटच्या वर्षी र्योएनने काहीच लिहिलेलं नव्हतं, पण ठिपका होता, नेहमीच्याच सुमाराला.

“आणि आता हे.” आमची जुनी पोथी म्हणजे कागद दुमडून शिवलेला असतो, प्रत्येक पान आतून पोकळ, पिशवीसारखं. बाईंनी शेवटच्या पानाच्या त्या पोकळीत बारीक दिवा सोडला. आतल्या बाजूला, पानं उलटणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी, वेगळ्या हातच्या दोन ओळी होत्या. “वसंतात सापडल्या. शिष्याच्या आहेत, एजुन त्याचं नाव. तेव्हापासून अर्थ लागत नव्हता.”

चिहारूने वाचलं. ‘ठिपके माझे. त्यांना सांगितलं नाही.’

तिने पुन्हा वाचलं. अडीचशे वर्षांपूर्वीचा तो माणूस आपल्याच कप्प्यात वही लपवून बसला होता असं तिला वाटलं.

“रडायचं ते नंतर,” बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे काही कोरडे नव्हते. “उद्या दुपारी मी त्याच्याकडे येते. पोथी मी दाखवीन. वही तू न्यायचीस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सर खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. भिंतीवर दोन्ही किड्यांच्या तारखांचा आलेख होता. काळ्या किड्याची काळी रेघ एक्केचाळीस वर्षं जवळपास सपाट, पहाटघंटीची लाल रेघ शेवटी चढत चढत गेलेली.

“अरे कुझुहारा, माझी एक अडचण सोडव,” बाईंनी पोथी टेबलावर उघडली. “र्योएन इथे लिहितो एक तारीख आणि कडेला ठिपका पडतो दुसऱ्याच तारखेला. ठिपका शिष्याचा आहे, एवढं मला कळलंय. पुढे तुझं शास्त्र.”

सरांनी खोकं बाजूला सारलं. कोडं म्हटलं की त्यांची वीस वर्षं कमी होत. ते ओळीवरून बोट फिरवू लागले, कागदावर आकडे मांडू लागले.

“काळ्या किड्याला ठिपके आहेत का?”

“नाहीत.”

“दुसऱ्या कुठल्या?”

“नाहीत. फक्त पहाटघंटीला.”

सर मोठ्याने हसले. “अगं, म्हातारा बहिरा झाला होता! सोपं आहे. वय झालं की वरची पट्टी आधी जाते. जाड किडे ऐकू येतात, बारीक जातात. आणि हा शिष्य शेजारी बसून सगळं ऐकतोय, ठिपके देतोय, आणि गुरूला चकार शब्द सांगत नाही. गाढव आहे हा! गुरूची अब्रू राखायला गेला आणि त्याची आयुष्यभराची मेहनत—”

ते थांबले. चिहारू त्यांच्या मागे उभी होती. त्यांची मान हळूहळू वर होताना तिने पाहिली. ते भिंतीकडे बघत होते. काळी रेघ सपाट होती. लाल रेघ चढत गेली होती.

बाहेर सायकलींच्या आवारात कुणीतरी घंटी वाजवली. तीही त्यांना ऐकू आली की नाही कोण जाणे.

“इबुका,” सर न वळताच म्हणाले. “वही कुठाय?”

तिने निळी वही त्यांच्या हातात दिली आणि कमरेत वाकली, इतकी की कपाळ जवळजवळ टेबलाला लागलं. “गाढव मीच आहे, सर. मला माफ करा. आठ वर्षं. मला सांगता आलं नाही.”

सरांनी वही उघडली नाही. दोन्ही हातांत नुसती धरून ठेवली.

“म्हणजे ती आहे?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“पहाटघंटी. आहे ती? आज पहाटे होती?”

“होती, सर. तुमच्या उजव्या हाताला, चार हातांवर. या वर्षी तर खूप आहेत. आज निदान पाच होत्या.”

“पाच,” सर म्हणाले. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलू लागले. चिहारूला वाटलं आता काय करावं, पळून जावं की काय करावं. पण त्यांनी हात काढले तेव्हा चेहरा ओला होता आणि त्यावर हसू होतं, लहान मुलाला हरवलेलं मांजर दारात दिसल्यावर येतं ना, तसं.

“बरं झालं,” ते म्हणाले. “बरं झालं गं. मला वाटत होतं ती संपली. संपला होता तो नुसता कान. कानाचं एवढं काय!”

“पुस्तक?” बाईंनी हळूच विचारलं.

“पुस्तक गेलं खड्ड्यात. नवं लिहू. इथे दोन म्हातारे आहेत आणि दोन गाढवं आहेत, आणि गाढवांमुळे आकडे शाबूत आहेत. याहून चांगला विषय तुला मिळाला होता का कधी?” मग ते चिहारूकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला. “तू एकटीने हे ओझं वाहिलंस आठ वर्षं. चूक माझी आहे. मी असा नियम केला, की माझ्याजवळ उभं राहून कुणाला काही ऐकूच येऊ नये.”

ती जे इतका वेळ आवरत होती ते मग आवरलं नाही. बाईंनी पिशवीतून हातरुमाल काढून दिला आणि वर दटावलं, “पोथीवर नको, अठरावं शतक आहे.”

कानाच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तपासलं. बोलणं ऐकायला यंत्र मिळेल म्हणाले; त्या पट्टीपर्यंत मात्र ते पोचणार नाही, तिथलं आता काही परत येणार नाही. सरांनी हे चिहारूला फोनवर सांगितलं, आणि लगेच विचारलं, “उद्या पाचला?”

दुसऱ्या दिवशी पाचला ते दगडावर सरकून बसले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली. एक्केचाळीस वर्षांत त्या दगडावर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. चिहारू अवघडून टेकली.

“माझा हात घे,” सर म्हणाले. “ती सुरू झाली की बोट ठेव. थांबली की उचल.”

त्यांनी हात गुडघ्यावर पालथा ठेवला. कातडी सैल, शिरा वर आलेल्या, डासांचे जुने डाग. उजेड अजून राखी होता. झुडपात घुंगरू वाजलं, आणि चिहारूने बोट ठेवलं. थांबलं, उचललं. पुन्हा ठेवलं. सरांनी डोळे मिटले होते.

“लांब दम आहे हिला,” थोड्या वेळाने ते पुटपुटले. “मुरलेली आहे. वरच्या फांदीवर बसली असेल.”

“हो, सर. वरच्याच.”

बोट उचललं, ठेवलं. मग पटकन उचललं, पटकन ठेवलं.

“ही दुसरी. घाबरट आहे. पंख परवाच फुटलेत हिला.” ते डोळे मिटूनच हसले. “ऐकू येतंय मला, इबुका. येतंय.”

साडेपाचला त्यांनी वही उघडली. ‘नाही’ लिहिलेल्या ओळी त्यांनी खोडल्या नाहीत. तशाच राहू दिल्या, आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. निळी वही मांडीवर ठेवून ते जुनी पानं उलटत गेले, आठ वर्षांमागे गेले, आणि प्रत्येक वर्षी खऱ्या तारखेच्या कडेला एकेक ठिपका देत पुढे आले. शेवटचा नऊ ऑगस्टवर दिला. मग पान संपतं तिथे, कुणालाही पहिल्याच नजरेत दिसेल अशा जागी, मोठ्या अक्षरात लिहिलं:

‘ठिपके इबुकाचे. मला सांगितलं.’